वाचकांचे प्रश्न: सॅक सगळ्यात शेवटी घ्या

पाऊस जरा ओसरायला लागला की ठाणे आणि नवी मुंबईकरांना नवीन सॅक घ्यायची हुक्की येते, या वेळच्या पत्रांवरून तरी तसंच वाटतंय. सगळी छापणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, मी येत्या कार्तिकात पायी नर्मदा परिक्रमेला निघतोय. वय ५९, गुडघे डॉक्टरांच्या मते ठीक. घरात ६५ लिटरची जुनी सॅक आहे, ती रिकामीच दोन किलोच्या वर भरते. मुलगा म्हणतो बाबा अमेरिकेतून ९०० ग्रॅमची मागवू, मित्र म्हणतात परिक्रमेला झोळी पुरते. मी कोणाचं ऐकू?
– एक वाचक, मानपाडा, ठाणे

काका, सध्या कोणाचंच नको. तुम्ही तिघंही सॅकपासून सुरुवात करताय आणि गडबड तिथेच आहे. आधी सामान, मग सॅक. विमानाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा मिळतो तो आणा नाहीतर किचनमधला डिजिटल काटा घ्या, नेणार ते सगळं चटईवर मांडा आणि एकेक वस्तूचं वजन वहीत लिहा, टॉवेल, औषधांचा डबा, चार्जर, चष्म्याची केससुद्धा. खाणं आणि पाणी सोडून जे उरतं त्याला लांब पल्ल्याचे चालणारे लोक बेस वेट म्हणतात, कारण खाणं-पाणी रोज कमी-जास्त होतं पण हे बाकीचं पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पाठीवरच असतं. अमेरिकेत ढोबळमानाने साडेचार किलोच्या आत बेस वेट असेल तर अल्ट्रालाइट आणि नऊच्या आत असेल तर लाइटवेट म्हणतात.

आता गंमत बघा, तिकडची मंडळी त्या साडेचार किलोत तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, भांडं सगळं बसवायला खिसा रिकामा करतात, आणि तुम्हाला त्यातलं निम्मं लागतच नाही. परिक्रमेत रात्री आश्रम, धर्मशाळा, देऊळ नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर पथारी, जेवण तिथेच किंवा सदावर्त, मग तंबू कशाला हवा. राहिलं काय, तर दोन जोडी कपडे, पांघरूण, पातळ मॅट, ताट-लोटा, नर्मदाजलाची कुपी, पूजेचं थोडंसं, औषधं, टॉर्च, फोन. हे नीट निवडलं तर पाच किलोत बसतं. मी सांगेन की पांघरुणावर मात्र वजन वाचवू नका, अमरकंटक हजार मीटरच्या वर आहे आणि डिसेंबर-जानेवारीत तिथली थंडी ठाण्याच्या माणसाला झेपत नाही, लोकरीची जाड घोंगडी जड पडते तेव्हा तिच्याऐवजी हलकी स्लीपिंग बॅग आणि वर एक शाल असं करा. कपडे मात्र खुशाल कमी करा, सकाळी नदीवर स्नान आणि तिथेच धुणं, दोन जोडीत सगळं भागतं.

पाच किलो सामान आणि दीड-दोन लिटर पाणी धरलं तर सात किलो. त्यासाठी ६५ लिटरची सॅक लागत नाही, ३५ ते ४० लिटर भरपूर झाली. नुसता आकार कमी केला तरी सॅकचं स्वतःचं वजन किलोच्या आसपास येतं आणि तशा सॅक आपल्याकडच्या मोठ्या स्पोर्ट्स दुकानांत मिळतात, मुलाला डॉलर घालवायला लावू नका. झोळीचं म्हणाल तर झोळी घेऊन परिक्रमा केलेले खूप आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण एका खांद्यावर भार म्हणजे शरीर दिवसभर एका बाजूला झुकतं. नदी १३१२ किलोमीटरची, दोन्ही काठ धरले की २६००च्या पुढे, वर रस्ता वळणावळणाचा, शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेतल्या जंगलाच्या टप्प्यात, तर धरणाच्या पाण्यामुळे जुनी वाट गेली आणि डोंगरातून चढउतार करत जावं लागतं. एवढ्या अंतरात ५९व्या वर्षी कमरेला भार देणारा पट्टा हवाच.

आणखी एक, सॅक साधी घ्या. वर गुंडाळून बंद करायची किंवा नाडीची, चेन जितक्या कमी तितकं बरं. शिवण उसवली तर कुठल्याही गावातला चांभार घालून देतो पण चेनचा रनर तुटला की तालुक्याच्या गावाशिवाय इलाज नाही, शिवाय एक-दोन जादा बकल आणि सुई-दाभण-जाड दोरा ठेवा. घेतल्यावर पूर्ण वजन भरून उपवन ते येऊर असं सलग तीन-चार सकाळी चाला, एक दिवस नाही, सलग, कारण पट्टा कुठे घासतो ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. आणि हे सगळं दिवाळीच्या आधी करा, चातुर्मास संपला की निघायची घाई होते आणि मग माणूस दुकानदार देईल ते उचलतो.

ताई मी खारघरला राहते, उंची ५ फूट १. कॉलेजच्या ग्रुपबरोबर मे महिन्यात हिमाचलला दहा दिवसांचा ट्रेक आहे. भावाची ५५ लिटरची सॅक घेऊन खारघर हिलवर प्रॅक्टिसला गेले तर खांदे सोलून निघाले आणि मान आखडली, तो म्हणतो तुला सवय नाही. लेडीज सॅक खरंच वेगळी असते का नुसता जांभळा रंग?
– एक वाचक, खारघर

सवयीचा काही संबंध नाही, भावाला सांग. सॅकचं माप लिटरमध्ये लिहिलेलं असतं म्हणून आपण तेच बघतो, पण अंगाला लागणारं माप वेगळंच, ते म्हणजे पाठीची लांबी. मान पुढे वाकव, मानेच्या मुळाशी एक हाड टचकन वर येतं ते बोटाने धर. मग दोन्ही हात कमरेवर ठेव, अंगठे मागे, तळहात कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकलेले. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा मणक्याला जिथे मिळते तिथपासून मानेच्या त्या हाडापर्यंत आईला शिवणाची टेप धरायला सांग, पाठीच्या वळणावरून. मोठ्या माणसांत हे साधारण ४० ते ५३ सेंटिमीटरच्या आसपास भरतं आणि उंचीवरून त्याचा नीट अंदाज येत नाही, उंच माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असंही असतं. तुझं माप बहुतेक कमीकडे येईल आणि भावाची सॅक लांब पाठीची असेल, म्हणजे पट्टा कमरेच्या हाडावर बसायच्या ऐवजी खाली घसरतो आणि अख्खी सॅक खांद्यांना लटकते. मग खांदे सोलणार नाहीतर काय.

कमरेचा पट्टा ही तशी फार जुनी गोष्ट नाही. १९५२च्या सुमारास कॅलिफोर्नियात डिक केल्टी नावाच्या माणसाने अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि कमरेचा पट्टा असलेल्या सॅक विकायला सुरुवात केली तेव्हापासून वजन खांद्यांवरून कमरेकडे न्यायची पद्धत रुळली. पण त्यासाठी पट्टा जीन्सचा बेल्ट बसतो तिथे नाही, त्याच्या वर, कमरेच्या हाडांच्या कडेला मधोमध मिठी मारेल असा बसायला लागतो.

लेडीज सॅक वेगळी असते, रंग सोडून. पाठ आखूड, खांद्याचे पट्टे जवळजवळ आणि छातीला चुकवून जाणारे वळणदार, कमरेचा पट्टा तिरका कापलेला. पण लेडीज लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नकोस, पाठीची लांबी कमी-जास्त करता येणारी कुठलीही सॅक तुला चालू शकेल. दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघणं बंद, रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते. त्यांच्याकडे वाळूच्या पिशव्या नसतील तर तंबूचे गठ्ठे टाकायला लाव, आठ किलो तरी हवं. आधी सगळे पट्टे सैल, मग कमरेचा पट्टा हाडावर बसवून घट्ट, मग खांद्याचे, मग खांद्यावरून सॅककडे जाणारे ते छोटे पट्टे थोडेसे ओढायचे, छातीचा शेवटी आणि तोही हलकाच, श्वास अडता कामा नये. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं सरकव. सहज सरकली तर भार कमरेवर आलाय. वीस मिनिटं त्यांच्या जिन्यावरून वरखाली कर, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

मी ऐरोलीला आयटीत आहे. डिसेंबरमध्ये रतनगड ते हरिश्चंद्रगड कात्राबाई खिंडीतून स्वतःचा तंबू घेऊन करायचंय आणि पुढच्या वर्षी नेपाळमधलं अन्नपूर्णा सर्किट. दोन्हीला चालेल अशी डायनीमा कापडाची फ्रेमलेस सॅक बाहेरून मागवायचा विचार आहे, ५५ लिटर, वजन पाऊण किलो. बजेट ३० हजार. घेऊ का?
– एक वाचक, ऐरोली

बजेट वाचून बरं वाटलं पण नका घेऊ, निदान ही नको. कारण सांगते आणि ते जरा लांब आहे.

फ्रेमलेस म्हणजे आत काडी नाही, पत्रा नाही, घडी घातलेली मॅटच पाठीला आधार. अशी सॅक आठ-नऊ किलोपर्यंत मस्त वाटते, त्याच्या पुढे ती मधोमध चेपते, पट्टा कमरेवर असूनही भार पुन्हा खांद्यांवर येतो. हलकी सॅक जड सामान हलकं करत नाही हो, उलट जड सामानाला जरा जड सॅकच लागते. आता तुमचा डिसेंबरचा ट्रेक घ्या. तंबू, झोपायचं, गरम कपडे, खाणं, इथपर्यंत सात-आठ किलो झालं समजा. त्यावर पाणी. डिसेंबरात गडांवरच्या टाक्यांना पाणी असतं पण ते कुठे मिळेल याची खात्री करत बसण्यापेक्षा माणूस चार लिटर भरून घेतो, आणि एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात टायटॅनियमचा चमचा घेऊन काही वाचत नाही. फेब्रुवारीनंतर तर पाच लिटरही कमी वाटतं. म्हणजे सह्याद्रीत बेस वेट कितीही खाली आणलं तरी एकूण वजन अकरा-बाराला जातंच. याला हलकी फ्रेम असलेली सॅक पाहिजे. ऑस्प्रेची एक्सोस ५८ सव्वा किलोच्या आसपास आहे, गॉसामर गिअरची मारिपोसा ६० लिटरची असून किलोच्या आसपास, दोन्हींत आधाराची सोय आहे. या फक्त तुलनेला सांगतेय, याच घ्या असं नाही, कारण पाठीला बसली नाही तर नावाला काय चाटायचंय.

खाण्याचं मात्र आपल्याकडे सोपं आहे. तिकडे चार-पाच दिवसांचं खाणं पाठीवर वागवत पुढच्या गावापर्यंत जातात, इथे पाचनईला नाहीतर रतनवाडीला पिठलं-भाकरी सांगून ठेवता येते. ती किलो-दीड किलोची बचत फुकटात आहे, ती आधी करा.

आता कापड. डायनीमा कॉम्पोझिट म्हणजे पॉलिथिलीनचे अतिशय मजबूत धागे पातळ पॉलिस्टर फिल्ममध्ये दाबलेले, पूर्वी क्युबेन फायबर म्हणायचे, शर्यतीच्या बोटींच्या शिडांसाठी आलं तिथून हायकिंगमध्ये शिरलं. पाणी शोषत नाही, ताणात फाटत नाही, वजन नगण्य. पण पातळ प्रकारांचं दुखणं म्हणजे घासणं आणि टोचणं. आणि आपण सह्याद्रीत काय करतो, तर घासतो आणि टोचून घेतो. करवंदीच्या जाळीतून सॅक ओढायची, घळीत बसून घसरत उतरायचं तेव्हा सॅकचा बुडखा खडकावर फरफटत जातो, रॉक पॅचवर सॅक दोरीने वर ओढायची. नायलॉन घ्या, रिपस्टॉप म्हणजे जाड धाग्यांच्या चौकटी विणलेलं, फाटलं तरी पुढे न पसरणारं, निदान बुडाला २१० डेनियर. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, आकडा मोठा तितका धागा जाड. अंगाला १०० आणि बुडाला २१० किंवा त्याहून जाड असं मिश्रण बऱ्याच सॅकमध्ये येतं आणि ते आपल्या डोंगरांना योग्य आहे. बाहेरचा जाळीचा खिसा दिसायला छान, पण करवंदीत तो पहिला जातो, आणि त्याच्याही आधी सकाळच्या कसारा लोकलमध्ये कोणाच्या तरी बॅगेच्या हुकात अडकून जातो. तिथे ताणणारं पण विणलेलं कापड असेल तर उत्तम.

बाहेरून मागवण्यात आणखी दोन गोष्टी. कस्टम ड्युटी आणि कुरियर धरून जी किंमत होते ती वेबसाइटवरच्या किमतीपेक्षा बरीच पुढे जाते, आणि माप चुकलं तर परत पाठवणं म्हणजे डोक्याला ताप. पाठीला घालून न बघता एवढे पैसे टाकू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

अन्नपूर्णाचं निराळंच. तिथे वाटेत टी-हाउस म्हणजे राहण्या-जेवणाची छोटी लॉज आहेत, तंबू नको, जेवण तिथे, वाटभर पाणी मिळतं, फक्त थोरोंग ला ही खिंड ५४१६ मीटरवर आहे म्हणून गरम कपडे आणि चांगली स्लीपिंग बॅग. तुमच्या सह्याद्रीच्या सॅकमध्ये ते सामान सैल बसेल आणि बाजूच्या पट्ट्यांनी आवळता येईल, आवळायचे पट्टे असलेलीच बघा. उलट मात्र जमत नाही, म्हणून डिसेंबरच्या ट्रेकसाठी घ्या आणि तीच नेपाळला न्या.

सॅकबरोबर रेनकव्हर आलं नाही, वेगळं घ्यावं का? आणि माझी जुनी सॅक माळ्यावर होती ती आतून चिकट झालीय, वास येतो, धुतली तरी जात नाही.
– एक वाचक, कळवा

कव्हर नाही घेतलंत तरी चालेल. ते पाठीकडची बाजू झाकत नाही, आणि आपल्या पावसात पाठीवरून ओघळणारं पाणी तिथूनच आत शिरतं, घाटमाथ्यावरचा वारा तर कव्हर उडवूनच नेतो. त्यापेक्षा आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून दुमडायचं. सॅक भिजली तर भिजली, सामान कोरडं. एसटीच्या टपावर सॅक जात असेल तर धूळ-चिखलासाठी कव्हर बरं पडतं, तेवढंच.

चिकटपणाचं दुखणं आपल्या खाडीकाठच्या हवेचं आहे. नायलॉनला आतून पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो, दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की त्याचं विघटन होतं, आधी वास, मग चिकट, मग पापुद्रे. एकदा झालं की परत येत नाही. थर ओल्या कपड्याने आणि ब्रशने घासून काढून टाका, सॅक पाणी अडवणार नाही पण आत पिशवी घालून वापरता येईल, शिवण आणि पट्टे ठीक असतील तर टाकू नका. नवी घेतलीत की धुऊन सावलीत पूर्ण वाळवा आणि माळ्यावर कोंबण्याऐवजी हवेशीर जागी टांगा.

मुलगा दहावी झाला की हिमालयात ट्रेकला जाणार आहे. आत्ताच ७५ लिटरची घेऊन ठेवू का, म्हणजे पुढे मोठा झाला तरी वापरेल?
– एक आई, नेरूळ

नको. सॅकमध्ये जागा असली की ती भरते, हा अनुभव प्रत्येक घरातल्या फ्रिजवरूनही घ्या. शिवाय त्याची पाठ अजून वाढतेय. या ट्रेकला ४५ ते ५० लिटरची, पाठीची लांबी बदलता येणारी घ्या नाहीतर भाड्याने घ्या, भरल्यावर एकूण वजन त्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या वर जाऊ देऊ नका. पन्नास किलोचा मुलगा असेल तर दहा किलो, पाण्यासकट. निघायच्या आधी आठवडाभर संध्याकाळी ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या ट्रॅकवर भरलेली सॅक घेऊन फिरवा, लाज वाटते म्हणेल, तरी फिरवा.

मला शिवणकाम येतं, घरी जुनं शिलाई मशीन आहे. भीमाशंकर, पेब असे ट्रेक आणि कधीतरी दोन मुक्काम एवढंच करते. हलकी सॅक घरी शिवली तर टिकेल का? मैत्रिणी हसतायत.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

मैत्रिणींना एमा गेटवूड यांच्याबद्दल सांगा. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीने चालून पूर्ण केली, जॉर्जिया ते मेन, तीन हजारांहून जास्त किलोमीटर. पाठीवर सॅक नव्हतीच, घरी शिवलेली एक पिशवी खांद्यावर, पायात कॅनव्हासचे बूट, पावसासाठी बाथरूमच्या पडद्याचं प्लास्टिक. वर काकांना मी एका खांद्यावरचा भार नको म्हटलं आणि इथे हे उदाहरण देतेय हे मला कळतंय, पण त्यांचं सामान इतकं कमी होतं की त्यांना ते परवडलं.

तर शिवा, खुशाल शिवा. ३० ते ३५ लिटर, फ्रेमलेस, वर गुंडाळून बंद होणारी, हीच सुरुवातीला सोपी. पहिली सॅक महागाच्या कापडाची नको, साध्या स्वस्त नायलॉनची करून बघा, मापं बरोबर आली की मग २१० डेनियरचं रिपस्टॉप आणा. साधं घरगुती मशीन एवढं शिवतं, सुई मात्र जाड घ्या, १६ नंबर, आणि दोरा पॉलिस्टरचा, सुती नको, सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो. जड काम फक्त एका ठिकाणी आहे, खांद्याचे पट्टे जिथे पाठीला जोडतात ती शिवण. सगळा भार तिथे येतो, म्हणून पट्टा नुसता कापडावर शिवू नका, आत जाड पट्टीचा एक तुकडा आडवा घालून त्याच्यासकट शिवा आणि चौकोन मारून आत फुली मारा, वर पुढे-मागे दाट टाके. मशीन तिथे अडलं तर तेवढी शिवण बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून मारून घ्या, त्याचं मशीन जड असतं. खांद्याच्या पट्ट्यांत फोम म्हणून जुन्या कॅरीमॅटचे तुकडे चालतात, दोन थर. नायलॉनच्या कापलेल्या कडा आणि पट्ट्यांची टोकं मेणबत्तीवर अलगद वितळवून घ्या नाहीतर धागे सुटत राहतात, खिडकी उघडी ठेवा, धूर वाईट असतो. तयार झाली की आत सात किलो तांदूळ भरून दाराच्या कडीला रात्रभर टांगा आणि सकाळी शिवणी बघा, कुठे टाका ताणलेला दिसला तर तिथे परत मारा आणि मगच पेबला न्या.